नवीन कम्युनिटी जॉईन केलीय? ‘डिस्कोर्स’ची फीचर्स आधी समजून घ्या, मग प्रश्न विचारा

शुक्रवारची रात्र होती. माझ्या पहिल्या नोकरीतलं पहिलं वर्ष. एका क्लायंटच्या वेबसाइटचं एसएसएल सर्टिफिकेट एक्सपायर झालं होतं आणि रिन्यू करायची कमांड प्रत्येक वेळी एरर देत होती. सीनियर गावाला गेलेला, फोन लागत नव्हता. गुगल करत करत एका डिस्कशन कम्युनिटीवर पोहोचलो, अकाउंट उघडलं आणि प्रश्न लिहायला बसलो. चार स्क्रीनशॉट जोडले, पोस्टचं बटण दाबलं. उत्तर आलं: नवीन मेंबरला एका पोस्टमध्ये एकच फोटो टाकता येतो.

डोकंच सटकलं. इथे साइट बंद पडलीय आणि हे मला फोटो मोजायला शिकवतायत! तीन स्क्रीनशॉट काढून टाकले, कसाबसा प्रश्न पोस्ट केला आणि वैतागून टॅब बंद केला.

सोमवारी पाहिलं तर वीस मिनिटांच्या आत एकाने रिप्लाय दिला होता: “सर्व्हरचं पोर्ट ८० बाहेरून उघडं आहे का?” कारण तेच होतं. फायरवॉलमध्ये पोर्ट ८० बंद केलेलं होतं. म्हणजे दोन मिनिटांचं काम. पण नोटिफिकेशनचा मेल मी कधीच न उघडणाऱ्या जुन्या ईमेलवर गेला होता आणि क्लायंटची साइट शनिवार-रविवार बंद राहिली.

चूक त्या कम्युनिटीची नव्हती. जिथे गेलो होतो तिथली पद्धत मी समजूनच घेतली नव्हती. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हा लेख. अशा बऱ्याच कम्युनिटी ज्या सॉफ्टवेअरवर चालतात त्या ‘डिस्कोर्स’ची फीचर्स आज आपण समजून घेऊ. नुसतं कुठलं बटण कुठे आहे एवढंच नाही, तर ते तसं का आहे हेसुद्धा.

डिस्कोर्स म्हणजे नेमकं काय?

डिस्कोर्स हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. २०१३ मध्ये जेफ अ‍ॅटवूड, रॉबिन वॉर्ड आणि सॅम सॅफ्रन या तिघांनी ते आणलं. यातला जेफ अ‍ॅटवूड म्हणजे स्टॅक ओव्हरफ्लोच्या दोन संस्थापकांपैकी एक.

वर्डप्रेस वापरून जसा कुणीही ब्लॉग उभा करतो, तसंच डिस्कोर्स वापरून कुणीही चर्चेची जागा उभी करू शकतो. पायथन भाषेच्या डेव्हलपर्सची चर्चा डिस्कोर्सवर चालते. फुकट एसएसएल सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची, घरातली उपकरणं ऑटोमेट करणाऱ्या होम असिस्टंटची कम्युनिटीही त्यावरच आहे. आपल्या मुंबईत तयार झालेल्या ईआरपीनेक्स्टची, म्हणजे फ्रॅपे कंपनीची कम्युनिटीसुद्धा डिस्कोर्सवरच चालते. त्यामुळे एकदा हे सॉफ्टवेअर कळलं की पुढच्या दहा ठिकाणी नव्याने शिकावं लागत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. खाली जे आकडे दिलेत ते डिस्कोर्सच्या मूळ सेटिंगमधले आहेत. प्रत्येक कम्युनिटीचा अ‍ॅडमिन ते बदलू शकतो. त्यामुळे तुमच्याकडे आकडा थोडा वेगळा दिसला तर गोंधळू नका.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसारखं समजू नका

आपल्यापैकी बहुतेकांना ग्रुपची सवय असते. ग्रुपवर आपण प्रश्न टाकतो, कुणी ऑनलाइन असेल तर उत्तर येतं, आणि तासाभरात वर शंभर मेसेज चढले की प्रश्नही गेला आणि उत्तरही गेलं. पुढच्या महिन्यात तोच प्रश्न दुसरा कुणीतरी विचारतो.

डिस्कोर्सवर प्रत्येक प्रश्न म्हणजे एक स्वतंत्र ‘टॉपिक’. त्याला शीर्षक असतं, तो एखाद्या कॅटेगरीत असतो, त्याची स्वतःची लिंक असते आणि चर्चा पब्लिक असेल तर तो गुगलमध्येही सापडतो. म्हणजे तुमचा प्रश्न फक्त तुमच्यासाठी नसतो. दोन वर्षांनी त्याच एररवर अडकलेला एखादा माणूस रात्री अकरा वाजता तिथे येणार असतो.

पुढची सगळी फीचर्स या एका गोष्टीभोवती फिरतात. हे लक्षात ठेवलंत तर बाकीचं आपोआप समजेल.

ट्रस्ट लेव्हल: आधी वाचा, मग बोला

डिस्कोर्सचं सगळ्यात महत्त्वाचं फीचर हेच, आणि नवीन माणूस चिडतो तोही याच्यामुळेच. प्रत्येक मेंबरला ० ते ४ अशी एक लेव्हल असते.

लेव्हल ०, नवीन मेंबर: एका पोस्टमध्ये एक फोटो, दोन लिंक. फाइल जोडता येत नाही. दोनपेक्षा जास्त लोकांना मेन्शन करता येत नाही. स्वतःहून कुणाला खासगी मेसेज पाठवता येत नाही. पहिल्या दिवशी जास्तीत जास्त तीन टॉपिक आणि दहा रिप्लाय.

लेव्हल १, बेसिक: पाच टॉपिक उघडा, तीस पोस्ट वाचा आणि एकूण दहा मिनिटं वाचनात घालवा. झालं, वरची बरीचशी बंधनं गेली.

लेव्हल २, मेंबर: पंधरा वेगवेगळ्या दिवशी साइटवर या (सलग नसले तरी चालतात), वीस टॉपिक उघडा, शंभर पोस्ट वाचा, एकूण एक तास वाचन करा. शिवाय किमान एक लाईक दिलेला हवा, एक मिळालेला हवा, आणि तीन वेगवेगळ्या टॉपिकमध्ये रिप्लाय केलेला हवा.

लेव्हल ३, रेग्युलर: इथे गेल्या शंभर दिवसांचा हिशोब बघितला जातो. त्यातले निम्मे दिवस तरी तुम्ही आलेले हवेत, शिवाय वाचन, रिप्लाय, लाईक यांच्याही अटी आहेत. ही लेव्हल कायमची नसते. येणं कमी झालं की परत जाते. या लोकांना दुसऱ्यांच्या टॉपिकचं शीर्षक सुधारता येतं, टॉपिक योग्य कॅटेगरीत हलवता येतो.

लेव्हल ४, लीडर: ही आपोआप मिळत नाही. अ‍ॅडमिन किंवा मॉडरेटर स्वतः निवडून देतात.

आता यात एक गंमत बघा. लेव्हल ० वरून १ वर जायला तुम्हाला एक अक्षरही लिहावं लागत नाही. फक्त वाचायचं. स्टॅक ओव्हरफ्लोवर उलटं आहे. तिथे दुसऱ्याच्या पोस्टवर कमेंट करायला ५० रेप्युटेशन लागतं, आणि ते मिळवायचं तर आधी प्रश्न किंवा उत्तर लिहून लोकांची मतं मिळवावी लागतात. ज्याला इंग्रजीत लिहायची भीती वाटते त्याच्यासाठी ती पहिली पायरीच उंच असते. डिस्कोर्सने ती पायरी वाचनाची केली. गप्प बसून वाचणारा माणूससुद्धा इथे भाग घेतोय असं धरलं जातं.

मग बंधनं कशासाठी? स्पॅमसाठी. स्पॅमर किंवा बॉट येतो, अकाउंट उघडतो, पोस्टमध्ये वीस लिंक टाकतो आणि निघून जातो. तो दहा मिनिटं बसून तीस पोस्ट वाचत नाही, खरा माणूस वाचतो. त्या रात्री मला जे अपमानासारखं वाटलं होतं, ते माझ्याबद्दल नव्हतंच. मी स्पॅमर नाही हे सिस्टमला अजून माहीत नव्हतं, एवढंच.

टॅब उघडा ठेवून चहाला जायची आयडिया चालत नाही, हेही सांगून ठेवतो. थोडा वेळ स्क्रोल झालं नाही की वेळ मोजणं थांबतं.

पहिला अर्धा तास असा घालवा

१. ईमेल नीट द्या. रोज उघडता तोच द्या. तुम्ही साइटवर नसताना रिप्लायची खबर मेलवरच येते. माझं काय झालं ते वर वाचलंतच.

२. डिस्कोबॉटशी बोला. अकाउंट उघडल्यावर बऱ्याच कम्युनिटीत डिस्कोबॉट नावाच्या बॉटचा मेसेज येतो. लोक तो जाहिरात समजून सोडून देतात. खरं तर तो एक छोटा क्लास आहे. बुकमार्क कसं करायचं, इमोजी, मेन्शन, फॉरमॅटिंग, फ्लॅग, सर्च, हे सगळं तो करून घेतो. चुकलात तरी बघणारं कुणी नाही. शेवटी एक बॅजही मिळतो.

३. पिन केलेले टॉपिक वाचा. यादीत सगळ्यात वर असतात. नियम, कुठल्या कॅटेगरीत काय विचारायचं, प्रश्नासोबत कुठली माहिती द्यायची, हे तिथेच असतं.

४. तुमच्या विषयाचे चार-पाच जुने टॉपिक वाचा. लोक कसे विचारतात, कसे उत्तर देतात याचा अंदाज येतो. आणि नुसत्या वाचण्याने तुम्ही लेव्हल १ वरही पोहोचता.

अर्ध्या तासात तुमची बंधनंही सैल होतात आणि कदाचित उत्तरही तिथेच सापडतं.

प्रश्न लिहिताना

शीर्षक टाइप करायला लागलात की शेजारी तशाच जुन्या टॉपिकची यादी येते. ती बंद करू नका, आधी बघा. मी नंतर तपासलं तेव्हा माझ्यासारखेच चार प्रश्न आधीच विचारलेले होते, उत्तरासकट.

शीर्षक किमान १५ अक्षरांचं आणि पोस्ट किमान २० अक्षरांची लागते. म्हणजे “हेल्प” एवढंच शीर्षक घेतलं जात नाही. “सर्टिफिकेट रिन्यू होत नाही, कनेक्शन टाइमआउट येतो” असं शीर्षक द्या. यादीत शीर्षक वाचूनच लोक ठरवतात, की हे मला माहितीय का.

एररचा स्क्रीनशॉट टाकण्यापेक्षा एरर कॉपी करून टेक्स्ट म्हणून टाका. तीन फायदे: फोटोची मर्यादा आड येत नाही, उत्तर देणाऱ्याला त्यातली ओळ कॉपी करता येते, आणि पुढे कुणी तीच एरर सर्च केली तर तुमचा टॉपिक सापडतो. फोटोतलं अक्षर सहसा सर्चमध्ये सापडत नाही. कोड किंवा एररच्या आधीच्या ओळीवर आणि नंतरच्या ओळीवर ``` ही तीन चिन्हं टाका, म्हणजे मजकूर जसाच्या तसा दिसतो. हे चिन्ह कीबोर्डवर एस्केपच्या खाली, १ च्या डावीकडे असतं. मात्र पासवर्ड, एपीआय की असलं काही पेस्ट होत नाही ना, हे पोस्ट करायच्या आधी दोनदा बघा.

इंग्रजीचं टेन्शन घेऊ नका. मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, अशी तीन साधी वाक्यं पुरतात. व्याकरण चुकलं म्हणून कुणी उत्तर द्यायचं थांबत नाही. अर्धी माहिती दिली तर मात्र थांबतात.

पोस्ट केल्यावर चूक दिसली तर पेन्सिलच्या खुणेवर जाऊन दुरुस्त करा. नवीन मेंबरला साधारण एक दिवस आणि लेव्हल २ पासून ३० दिवस एडिट करता येतं. आधी काय लिहिलं होतं त्याचा इतिहास मात्र इतरांनाही बघता येतो, हे लक्षात असू द्या.

रिप्लायची दोन बटणं आणि कोट

प्रत्येक पोस्टखाली एक रिप्लाय बटण असतं आणि टॉपिकच्या अगदी शेवटी आणखी एक. पोस्टखालचं दाबलं तर तुमचं उत्तर त्या माणसाला जातं, त्याला नोटिफिकेशन मिळतं. शेवटचं दाबलं तर ते सगळ्या टॉपिकला उद्देशून असतं. “मी रिप्लाय दिला पण त्याने बघितलंच नाही” याचं कारण बऱ्याचदा हे चुकलेलं बटण असतं.

मोठ्या पोस्टमधल्या एकाच वाक्याला उत्तर द्यायचंय? ते वाक्य सिलेक्ट करा, कोटचं बटण वर येतं. एकाच रिप्लायमध्ये तीन जणांची वाक्यं कोट करता येतात. डिस्कोर्सला तेच आवडतं. तुम्ही पाठोपाठ रिप्लाय टाकत सुटलात, तर सगळ्यांना एकत्र उत्तर द्या असं ते सुचवतं.

घंटीची चार सेटिंग

टॉपिकच्या शेवटी घंटीची खूण असते. तिथे चार पर्याय आहेत:

- वॉचिंग: प्रत्येक रिप्लायचं नोटिफिकेशन येतं. तुम्ही स्वतः सुरू केलेल्या टॉपिकला हेच लागतं.
- ट्रॅकिंग: यादीत फक्त नवीन रिप्लायचा आकडा दिसतो. तुम्ही रिप्लाय केलात किंवा काही मिनिटं वाचत बसलात की टॉपिक आपोआप यात जातो.
- नॉर्मल: कुणी तुम्हाला मेन्शन केलं किंवा थेट तुम्हाला रिप्लाय दिला तरच कळतं.
- म्यूट: काहीच कळत नाही, नवीन टॉपिकच्या यादीतही तो दिसत नाही.

हीच सेटिंग पूर्ण कॅटेगरीलाही लावता येतात. नवीन लोक सगळंच वॉचिंगवर ठेवतात, दोन दिवसांत मेलचा ढीग लागतो, आणि मग सरसकट सगळे मेल बंद करतात. तसं करू नका. स्वतःचे टॉपिक वॉचिंगवर राहू द्या, बाकी नॉर्मल.

लाईक, सोल्यूशन आणि फ्लॅग

लाईक: २० अक्षरांच्या अटीमुळे “थँक्स” एवढाच रिप्लाय जात नाही. त्यासाठी लाईक आहे. इथे लाईक म्हणजे आभार, आणि त्यावरून समोरच्याची लेव्हलही वाढते. हात आखडता घेऊ नका.

सोल्यूशन: ज्या कम्युनिटीत हे फीचर चालू असतं तिथे प्रश्न विचारणाऱ्याला एका रिप्लायवर ‘सोल्यूशन’ अशी खूण करता येते. मग ते उत्तर थेट प्रश्नाच्या खाली दिसतं. पुढे येणाऱ्याला पन्नास रिप्लाय वाचावे लागत नाहीत.

फ्लॅग: स्पॅम, विषयाला सोडून, आक्षेपार्ह असं काही दिसलं तर भांडत बसण्यापेक्षा फ्लॅग करा. पुरेसे फ्लॅग पडले की पोस्ट आपोआप लपते आणि मॉडरेटर बघतात. उद्या तुमचीच पोस्ट लपली तर? घाबरू नका. तुम्हाला मेसेज येतो, थोड्या वेळाने पोस्ट दुरुस्त केलीत की ती परत दिसू शकते. फक्त मत पटलं नाही म्हणून मात्र फ्लॅग करू नका.

नेहमी पडणारे काही प्रश्न

*जुन्या टॉपिकवर रिप्लाय द्यावा का?* तोच प्रॉब्लेम असेल आणि तुमच्याकडे नवीन माहिती असेल तर जरूर द्या. “मलाही हेच होतंय” एवढ्यासाठी नको. खूप जुना टॉपिक असेल तर डिस्कोर्स स्वतःच सांगतं. तसं वाटलं तर नवीन टॉपिक काढा आणि जुन्याची लिंक द्या.

*दोन तास झाले, उत्तर नाही. परत विचारू का?* नाही. लोक वेगवेगळ्या देशांत आहेत, झोपलेले असू शकतात, आणि फुकट मदत करतायत. दिवसभर थांबा, मग त्याच टॉपिकमध्ये मधल्या काळात काय करून पाहिलं ते लिहा.

*उत्तर देणाऱ्याला खासगी मेसेज करू का?* शक्यतो नको. मेसेजमधलं उत्तर तुमच्या एकट्यापुरतं राहतं.

आणि शेवटची एक गोष्ट

मागच्या वर्षी आमच्या टीममध्ये नवीन आलेला मुलगा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. सर्टिफिकेट रिन्यू होत नव्हतं, एरर तीच. म्हणाला, “दादा, अगदी सेम प्रॉब्लेमवाला एक टॉपिक सापडलाय, पण शेवटी काय झालं ते लिहिलंच नाही. आणि हे नाव तुमचंच आहे का बघा ना.”

माझंच होतं. वर माझा अर्धवट प्रश्न. खाली तीन जणांचे रिप्लाय. शेवटच्याने विचारलं होतं, “पोर्ट उघडल्यावर चाललं का?” त्यावर मी काहीच लिहिलं नव्हतं. सोमवारी काम झालं, मी टॅब बंद केला आणि विसरलो. काही दिवसांनी टॉपिक आपोआप क्लोज झाला होता, त्यामुळे आता लिहिताही येत नव्हतं. त्या तिघांना लाईक दिले. तेवढंच हातात होतं.

म्हणून, तुमचा प्रॉब्लेम सुटला की टॅब बंद करायच्या आधी दोन ओळी लिहा: काय चुकलं होतं आणि कशाने सुटलं. सोल्यूशनची खूण करा. दोन मिनिटं लागतात. पुढच्या शुक्रवारी रात्री कुणीतरी तिथे येणारच आहे.